भुताचं पुस्तक पोरांच्या हातात देण्याआधी शेवटचं पान वाचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की हा प्रश्न मला हमखास येतो. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक कपाट आहे, शनिवारी संध्याकाळी मी तिथे पोरांना पुस्तकं देते, तर कुणाची तरी आई येते आणि जरा बाजूला घेऊन विचारते की अहो आमच्याकडचा भुताचं पुस्तक मागतोय, देऊ का, रात्री झोपला नाही तर? आणि तिच्या मागे उभा राहून तो पोरगा मला खुणा करत असतो, हो म्हणा हो म्हणा. मी बहुतेक वेळा हो म्हणते. फक्त कुठलं द्यायचं ते ठरवायला थोडा वेळ घेते, कारण एकदा माझं जाम चुकलेलं आहे.

भाचा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक भुताचं पुस्तक मिळालं, कव्हरवर गोल डोळ्यांचं, अगदी कार्टूनसारखं भूत, किंमत वीस रुपये, म्हटलं घेऊन टाकू. उघडून बघितलं नाही. आत निघाल्या मोठ्यांच्या गूढकथा, आणि त्यातल्या एका कथेत आपल्या मेलेल्या लहान मुलाला आई रोज रात्री जेवायला वाढते. भाच्याने ती अर्धी वाचली आणि पुस्तक कपड्यांच्या कपाटात खाली दडवून ठेवलं. पुढचे तीन आठवडे पॅसेजचा दिवा रात्रभर चालू, बाथरूमला जायचं तर सोबत कोणीतरी पाहिजे, आणि वाईट म्हणजे आईने ताट वाढलं की तिच्याकडे टक लावून बघत बसायचा. बहिणीने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून जे काही शिकले ते लिहितेय. पहिल्यांदाच असं पुस्तक घेणाऱ्यांसाठी आहे हे, ज्यांची पोरं आधीच कॉलेजच्या भावाची पुस्तकं चोरून वाचतात त्यांना याचा उपयोग नाही.

पायरी पहिली: वय बघायच्या आधी मूल बघा

पुस्तकावर ८+ लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा भाषेसाठी असतं. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाला ती वाक्यं वाचता येतील एवढाच त्याचा अर्थ. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठीत फुकट गोष्टी आहेत, छान आहेत, तिथे पण लेव्हल एक ते चार असतात, पण त्या वाचायला किती सोपं किती कठीण याच्या आहेत, किती भीती वाटेल याच्या नाहीत. हे लोक विसरतात.

त्यामुळे आधी आपलं पोर कशाला घाबरतं ते आठवा. साधारण तीन ते सहा वर्षांच्या पोरांना खरं काय आणि गोष्टीतलं काय ही रेघ अजून पक्की झालेली नसते, पलंगाखाली कोणीतरी आहे, पडद्यामागे कोणीतरी आहे, मिक्सरचा आवाज, मास्क घातलेला माणूस, अशा गोष्टींना ती घाबरतात. सात-आठच्या पुढे भीती बदलते, आता पलंगाखालचा राक्षस गेला आणि त्याच्या जागी चोर आला, आग आली, आईबाबा मेले तर काय हा प्रश्न आला. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला नुसतं चित्र घाबरवतं आणि नऊ वर्षांच्याला "असं खरंच होऊ शकतं" हे घाबरवतं. माझ्या भाच्याच्या केसमध्ये भूत फार भयंकर नव्हतंच. कथेत आई होती, ताट होतं, स्वयंपाकघर होतं, म्हणजे सगळं त्याच्याच घरातलं. तेच बाधलं.

आणि घरात सध्या काय चाललंय तेही बघा. आजोबा नुकतेच गेले असतील तर मेलेली माणसं परत येतात अशी गोष्ट सध्या नको, कितीही गोड असली तरी. नवीन घरात राहायला गेला असाल तर झपाटलेल्या बंगल्याची गोष्ट सहा महिने थांबू शकते. घरात बाळ येणार असेल तर हडळीची गोष्ट अजिबात नको, कारण हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई असं कोणीतरी मोठं माणूस मध्येच समजावून सांगतंच आणि मग ते पोर आईच्या पोटाकडे बघत रात्र काढतं.

पायरी दुसरी, आणि खरं तर हीच मुख्य: शेवटचं पान आधी वाचा

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळताना आपण काय करतो, तर पहिलं पान वाचतो. भुताच्या पुस्तकाचं उलटं करायचं. शेवटची दोन पानं आधी. भूत किती भयानक आहे यापेक्षा गोष्ट संपताना पोर कुठे उभं आहे ते मला महत्त्वाचं वाटतं. घरी पोचलं का? दार लागलं का? की अजून बाहेर अंधारातच आहे?

हे समजायला लांब जायला नको. भोपळ्याची गोष्ट घ्या, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक. आपण ती अडीच-तीन वर्षांच्या पोरांना सांगतो आणि आपल्याला ती भीतीची गोष्ट आहे असं वाटतच नाही. पण जरा बघा हो काय चाललंय त्यात. एक एकटी म्हातारी जंगलातून चाललीये, वाटेत वाघ अडवतो आणि सरळ म्हणतो, मी तुला खातो. मग कोल्हा, किंवा लांडगा, ज्याच्या त्याच्या घरी जो असेल तो. तोही खातो म्हणतो. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. म्हणजे मरणाची तारीख पुढे ढकलून घेते ती! आणि मग परतीच्या वाटेवर तोच वाघ, तेच दात, आणि म्हातारी भोपळ्यात लपलेली. एवढी भीती आहे, पण तीन गोष्टी ती झेपवतात. एक, वाघ येणार हे पोराला आधीच माहीत असतं. दोन, टुणुक टुणुक. तो आवाज आला की पोर हसतंच, भीतीच्या मधोमध खेळणं ठेवल्यासारखं आहे ते. आणि तीन, म्हातारी घरी पोचते. एकदा मी मुद्दाम पुतणीला, ती चारची होती तेव्हा, गोष्ट वाघापाशीच थांबवून म्हटलं चला झोपा आता. ती उठून बसली आणि म्हणाली, काकू तिला घरी सोड आधी. मला ते वाक्य फार आवडलं. तेव्हापासून लहान पोरांच्या पुस्तकाला मी तेच विचारते, तिला घरी सोडलं का.

तर माझा अंदाज असा, डोळे झाकून पाळू नका पण सुरुवातीला उपयोगी पडेल. सहा वर्षांपर्यंत घरी पोचायलाच पाहिजे, आणि भूत एकतर पळालं पाहिजे नाहीतर मित्र झालं पाहिजे. सात ते नऊला भूत राहिलं तरी चालेल पण ते कळलं पाहिजे, म्हणजे ते कोण होतं, का आलं होतं, काय हवं होतं त्याला. दहा-अकराच्या पुढे शेवट थोडा उघडा राहिला तरी पोरांना मजा येते, उलट सगळं समजावून सांगितलं तर ती नाक मुरडतात.

शेवट उघडा म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. रस्किन बाँडची अ फेस इन द डार्क नावाची छोटीशी गोष्ट आहे, जेमतेम दोन-तीन पानं. सिमल्याजवळच्या शाळेतले एक मास्तर रात्री पाइनच्या जंगलातून परत येतायत, हातात टॉर्च, वाटेत दगडावर एक मुलगा खाली मान घालून रडतोय. मास्तर जवळ जातात, तो मान वर करतो, आणि त्याला चेहराच नसतो. डोळे नाही, नाक नाही, काही नाही. टॉर्च पडते, मास्तर धावत सुटतात, समोर कंदील घेतलेला चौकीदार दिसतो, हुश्श होतं, मास्तर त्याला धापा टाकत सगळं सांगतात, चौकीदार कंदील स्वतःच्या चेहऱ्याजवळ नेतो. आणि त्यालाही चेहरा नसतो. वाऱ्याने कंदील विझतो, संपली गोष्ट. रक्त नाही, कोणी मेलं नाही, एक वाईट शब्द नाही, चाळून बघणाऱ्या आईला वाटेल किती सभ्य गोष्ट आहे. पण बघा, ज्याच्याकडे पळत गेलो तोच भूत निघाला. मोठं माणूस वाचवेल हा आधारच काढून घेतलाय. बारा वर्षांच्या पोराला ही गोष्ट द्या, तो दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये दहा जणांना सांगेल. सहा वर्षांच्याला सांगाल तर बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना बघून रडेल, आणि त्या बिचाऱ्याला कळणार पण नाही आपलं काय चुकलं.

चित्रं बघा, सगळी

लहान पोरांना मजकुरापेक्षा चित्र जास्त घाबरवतं. मजकूर वाचताना पोर स्वतःला झेपेल एवढंच भूत डोक्यात तयार करतं, चित्र मात्र सगळं एकदम अंगावर टाकतं. त्यामुळे सातच्या खालच्या पोरांचं पुस्तक असेल तर प्रत्येक पान उलटून बघा, फक्त कव्हर नको, कव्हर विकायला असतं. पूर्ण काळी पानं, कॅमेऱ्यात बघितल्यासारखा एकदम जवळचा चेहरा, तोंड उघडं असलेलं काही, हे टाळलेलं बरं. आणि उलटंही असतं कधी कधी. द ग्रफेलो नावाचं 1999 सालचं इंग्रजी चित्रपुस्तक आहे, त्यात राक्षसाला सुळे आहेत, पाठीवर काटे आहेत, नाकावर फोड आहे, पण तो राक्षस आधी एका उंदराने थापा मारून बनवलेला असतो आणि नंतर खरंच समोर येतो, आणि उंदीर त्यालाच घाबरवून पळवतो. तीन-चार वर्षांची पोरं त्या सुळ्यांवर बोट ठेवून हसतात. कारण सगळ्यात लहान जो आहे तोच जिंकतोय.

आपली भुतं: कुठलं कधी काढायचं

हा माझा आवडता भाग आहे, मी मूळची तळकोकणातली, त्यामुळे जरा लांबेल.

आपल्याकडे भुतांची इतकी व्हरायटी आहे की इंग्रजी पुस्तकांकडे जायची गरजच नाही खरं तर, पण ती सगळी एका वयाची नाहीत. सुरुवात करायला चकवा मस्त आहे. चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच बांधावर येतो, बस. ना दात ना नखं, चेहरा पण नाही. सात-आठ वर्षांची पोरं यावर खूप विचार करतात, तेच झाड परत आलं म्हणजे काय, झाडाला खूण केली तर, मोबाइलचा मॅप लावला तर चकवा लागेल का. हो, हे मला खरंच विचारलंय एकाने.

मग देवचार. आमच्या सिंधुदुर्गात आणि तिकडे गोव्यात देवचार म्हणजे त्या भागाचा राखणदार. रात्री काठी आपटत, खांद्यावर घोंगडी टाकून फिरतो, विडी ओढतो असं सांगतात, आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. लहानपणी रात्री अंगणापलीकडे कसला तरी आवाज आला आणि मी आजीला बिलगले की ती म्हणायची, भियाव नको गो, तो आपलोच आसा. आता ही गोष्ट भीतीची की धीराची? दोन्ही. तसाच वेताळ. आरवलीचा वेतोबा तर भुतांचा राजा आणि गावाचा देव, दोन्ही एकदमच आहे, आणि तो रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. पाच वर्षांच्या पोराला हे सांगून बघा. भूत वगैरे बाजूला राहतं आणि त्याला फक्त चपलेचा नंबर काय असेल हे जाणून घ्यायचं असतं.

मुंजा जरा जपून. मुंज झाल्यावर पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, म्हणजे ते भूत ऐकणाऱ्या पोराच्याच वयाचं आहे. नऊ-दहाच्या आधी मी काढत नाही. आणि एक गंमत अशी की मुंजा पिंपळावर राहतो, आणि तुमच्या बिल्डिंगच्या गेटजवळ पिंपळ असतोच असतो. मी एकदा पावसाळ्यात लाइट गेले तेव्हा जमलेल्या पोरांना मुंजाची गोष्ट सांगितली, फार रंगली, टाळ्या वगैरे, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर एकही पोर संध्याकाळी खाली खेळायला येईना, कारण पिंपळ बरोबर बॅडमिंटन कोर्टाच्या डोक्यावर. तर गोष्टीतलं झाड, विहीर, जिना हे पोराच्या रोजच्या वाटेवर आहे का ते आधी बघून घ्या. असेल तर गोष्ट दुसऱ्या गावाला नेऊन ठेवा, खूप लांबच्या. हडळ, खवीस, पाण्यातली ओढून नेणारी भुतं, ही अकरा-बाराच्या पुढे.

विक्रम-वेताळ वेगळं प्रकरण आहे. वेताळ पंचविशीतल्या पंचवीस गोष्टींपैकी बऱ्याच तर भुताच्या नाहीतच, त्या राजाराणीच्या आणि न्यायाच्या कोड्यांच्या आहेत. भीती असते ती बाहेरच्या चौकटीत, म्हणजे स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर टाकून चाललेला राजा, आणि प्रेतातून बोलणारा वेताळ की उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. ज्यांनी लहानपणी चांदोबा वाचलाय त्यांच्या डोळ्यासमोर ते तलवार घेतलेल्या राजाचं चित्र लगेच आलं असेल. मला ही चौकट आठ-नऊच्या पोरांसाठी एकदम फिट वाटते, कारण दर वेळी शेवटी प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की पोर घाबरायचं सोडून वाद घालायला लागतं. फक्त मुलांसाठी लिहिलेली आवृत्ती घ्या, मूळ गोष्टींमध्ये नवरा-बायको, फसवणूक असला बराच मोठ्यांचा मालमसाला आहे.

नावाला फसू नका

मराठीत भय म्हटलं की पहिलं नाव नारायण धारप. घराघरात होती त्यांची पुस्तकं, माझ्या पण बाबांच्या कपाटात होती. ती मोठ्यांची आहेत, लहान मुलांच्या हातात द्यायची नाहीत, चौदा-पंधराच्या पुढे आणि तेही मूल स्वतः मागत असेल तर. रत्नाकर मतकरींच्या बाबतीत तर लोकांचा हमखास घोळ होतो. त्यांनी मुलांसाठी भरपूर नाटकं लिहिली, अलबत्या गलबत्या त्यांचंच, त्यातली चिंची चेटकीण स्टेजवर आली की पोरं आईच्या मांडीत तोंड खुपसतात आणि पुढच्या मिनिटाला तीच पोरं खुर्चीवर उभी राहून तिला ओरडून उत्तर देत असतात. पण त्याच मतकरींच्या गूढकथा ठार मोठ्यांच्या आहेत. "अरे हे तर अलबत्या गलबत्यावाले" असं म्हणून उचलाल तर माझ्यासारखं होईल. दिवाळी अंकांचंही तेच, रहस्य, गूढ, भय असले विशेषांक घरात टीपॉयवर पडलेले असतात आणि कव्हरवर वाडा आणि पौर्णिमेचा चंद्र असतो, म्हणजे पोरांना आमंत्रणच. ते वर ठेवा, वाचून झाले की.

मुलांसाठीच काढलेलं हवं असेल तर बालभारतीचं किशोर मासिक बघा, 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट वाचता येतात. शोधायला वेळ लागतो पण मधूनच भुताची एखादी भारी गोष्ट सापडते.

इंग्रजी मीडियमवाल्यांच्या पोरांना वर्गातून गूसबम्प्सचं वेड लागतंच, 1992 पासून येतायत ती पुस्तकं. पालक फार टेन्शन घेतात, पण घेऊ नका. आठ ते बारासाठी आहेत, साहित्य म्हणून फार अपेक्षा ठेवू नका, पण वाचनाला लागायला उत्तम. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी धप्पकन होतं आणि बऱ्याचदा पान उलटलं की कळतं, अरे ही तर मस्करी होती. दोन-तीन पुस्तकांत पोरांना ही ट्रिक कळते आणि मग ती घाबरत नाहीत, ओळखायला बघतात की आता काय निघणार.

वाचायचं कधी, कसं

पहिलं भुताचं पुस्तक दुपारी वाचा. रविवारी, जेवणानंतर, पंखा चालू, बाजूला कोणीतरी भांडी घासतंय, अशा वेळी. रात्रीची मजा वेगळी असते मान्य, पण ती दुसऱ्या वाचनाला. एकदा दुपारी शेवट माहीत झाला की रात्री तीच गोष्ट पोर स्वतःच मागतं, आणि तेव्हा ते तुमच्यापेक्षा हुशार असतं, "आता बघ हं काय होतंय ते" असं तेच तुम्हाला सांगतं.

पान पोराला उलटू द्या. वाचा तुम्ही, पण पान त्याच्या हातात. ही एक गोष्ट कराल तर बाकी अर्ध्या सूचना विसरलात तरी चालेल. पुतणीसोबत एकदा एक पुस्तक वाचत होतो, पान उलटलं की गुहेतलं काहीतरी दिसणार होतं, तिने पानाचा कोपरा चिमटीत पकडला, थोडा उचलला, परत खाली ठेवला, मला म्हणाली थांब. आम्ही थांबलो. तिने पाणी प्यायलं. सॉफ्ट टॉय आणून मांडीवर घेतलं. मग परत कोपरा उचलून आत एका डोळ्याने बघितलं, आणि मग फाडकन उलटलं. दोन मिनिटं गेली असतील. मोबाइलवरच्या व्हिडिओत ही दोन मिनिटं मिळत नाहीत, तिथे ते तोंड येतं म्हणजे येतं, आणि ते संपायच्या आत पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. म्हणून "पुस्तकं कशाला, यूट्यूबवर आहेत की भुताच्या गोष्टी" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आवाज काढा, पण हळू होत जाणारा. लोक भूत आलं की ओरडतात, त्याने पोर दचकतं, आणि दचकणं म्हणजे गोष्टीची मजा नाही, ते कुकरची शिट्टी पण करते.

आणि दिवा बंद करून मागून भॉ करणारे काका प्रत्येक घरात एक असतात. त्यांना त्या दिवशी बाहेर पाठवा. जेवण्यासाठी, झोपण्यासाठी, गप्प बसण्यासाठी भुताची धमकी द्यायची नाही हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा, बागुलबुवा येईल, पोलीस नेतील वगैरे. पुस्तकातलं भूत पुस्तकात राहतं हे पोराला पटवायचंय ना, मग तेच भूत वरणभातासाठी बाहेर काढलं तर कसं चालेल.

तरी घाबरलंच तर

घाबरतं कधी कधी. "भूतबीत काही नसतं, झोप" हे वाक्य खरं असलं तरी रात्री दोन वाजता काम करत नाही. आधी जवळ घ्या, पाणी द्या, गोष्टीतलं नक्की काय आठवतंय ते विचारा, आणि शेवट परत सांगा. भूत नसतं का, याची चर्चा सकाळी नाश्त्याला करा, अगदी सरळ, मला विचाराल तर नसतं असंच सांगा. पुस्तक पोराच्या खोलीतून हॉलमध्ये नेऊन ठेवा. आमच्या इथे एका मुलीने ते फ्रीजवर ठेवायला लावलं होतं आणि चार दिवसांनी स्वतःच स्टूल घेऊन काढलं.

वाईट स्वप्न आणि रात्रीची किंकाळी यात गल्लत नको. पोर झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळत उठलं, डोळे उघडे पण तुम्हाला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तर ते गाढ झोपेतलं असतं, त्याला जागं करायला जाऊ नका, पडणार-आपटणार नाही एवढं बघा, आपोआप शांत होतं, आणि पुस्तकाला लगेच दोष देऊ नका. स्वप्न बहुतेक पहाटेकडे पडतं, पोर जागं होतं आणि काय दिसलं ते सांगतं. तेव्हा समजायचं की पुस्तक थोडे दिवस वर. आणि आठवडे उलटले तरी झोप, जेवण, शाळा यावर परिणाम होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, संकोच काय त्यात.

चेटकिणीबद्दल एक बोलायचंय

निवड करताना मी एक गोष्ट मुद्दाम बघते जी बहुतेक कोणी बघत नाही. गोष्टीत वाईट कोण आहे? गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी, काळी, वाकलेली, तीच दर वेळी चेटकीण, असं असेल तर मी ते पुस्तक कपाटात ठेवत नाही. आपल्याकडे नंदुरबारकडच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालेली आहे, महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. चेटकीण अजिबात नकोच असं म्हणत नाही मी, चिंची मला प्रचंड आवडते. ती चेटकीण आहे कारण ती लबाड आणि खादाड आहे, ती कोणाची शेजारीण आहे म्हणून नाही. तसंच गोष्टीच्या शेवटी बाबा येऊन अंगारा लावतात आणि भूत जातं, अशा गोष्टी पण मी बाजूला ठेवते. पोराने काहीतरी डोकं लढवून भूत घालवलेलं पाहिजे. नाहीतर मग त्या पोराचं गोष्टीत काम काय.

परदेशात असाल तर ऑक्टोबरमध्ये हा सगळा प्रश्न एकदम येतो, शाळेत हॅलोविन, दारोदारी कोरलेले भोपळे. माझ्या मैत्रिणीने तिकडे मुलाच्या वर्गात गोष्ट सांगायची पाळी आली तेव्हा टुणुक टुणुक सांगितलं, भोपळा दारात होताच. पोरांनी म्हणे तो भोपळा लोळवून लोळवून फोडला.

आणि मग त्यांनाच लिहू द्या

तीन-चार पुस्तकं झाली की वही द्या आणि म्हणा तूच लिही आता. कोणी चित्रच काढेल, कोणी अर्ध्या पानात दहा माणसं मारेल, मारू द्या. लिहिणाऱ्याला भीती कमी वाटते कारण भूत कुठे उभं आहे ते त्याला माहीत असतं.

भाचा आता बाराचा आहे. मागच्या महिन्यात त्याने वही आणून दिली, म्हणाला मावशी वाच, पण दुपारी वाच. गोष्टीतलं भूत एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये राहतं, रात्री बारानंतर बटण न दाबता चौथ्या मजल्यावर थांबतं. एक दिवस लाइट जातात, जनरेटरचं डिझेल संपलेलं असतं कारण सेक्रेटरींनी मेंटेनन्सचे पैसे भरले नाहीत म्हणून चार घरांशी भांडण काढलंय, आणि भूत तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकतं. रात्रभर आतून हाका मारतं, पण लोकांना वाटतं भूत आहे म्हणून कोणी दारच उघडत नाही. शेवटचं पान मी आधी उघडून बघितलं, सवयच आहे. तिथे लिहिलं होतं, "सकाळी वॉचमनकाकांनी चावीने दार उघडलं आणि त्याला घरी सोडलं."